अकरा एमबी

नान्नजच्या फाट्यावर एसटी मला सोडून वळते,
धूळ खाली बसते, आणि रेंज जाते.
तसाही मी फोन विमानात बसवलेला असतो.
मग ते ॲप उघडते. अकरा एमबी.
भाचीच्या जावळाचा व्हिडिओ त्याच्या वीसपट आहे.

त्यानं मला नाव विचारलं नव्हतं.
नंबर नाही, ईमेल नाही,
तुमच्या ओळखीची माणसं बघू का, नाही.
त्याआधीचं एक होतं, रोज संध्याकाळी सांगायचं :
आज तुम्ही इथे होतात, इथे चौदा मिनिटं थांबलात.
चौदा मिनिटं कुठं थांबलीस हे आईही विचारायची,
पण ती लिहून ठेवत नव्हती.

यात फक्त माळ आहे.
तपकिरी रेघांची चढउतार, ओढा, वनखात्याची चारी,
आणि तुटक रेघ : पायवाट.
ती कुणीतरी चालून काढली आहे.
कोण, ते लिहिलेलं नाही.
हिवराच्या झाडापासून दगडी बांधापर्यंतची माझी आहे,
तिथंही माझं नाव नाही.

नायना जोडभावी पेठेत जेकार्डची कार्डं पंच करायचे.
पुठ्ठ्यात भोक, तिथं हूक वर,
हूक वर, तिथं धागा वर.
एका मोराला सातशे कार्डं.
दोरीत ओवलेला तो मोर भिंतीला टांगलेला असायचा,
ज्याला भोकं वाचता येतात त्यानं वाचावा.
गड्डमनं एकदा उतरवून नेला,
दोन महिन्यांनी शेपटीत एक पीस वाढवून परत आणला.
आई चिडली. नायना भिंगातून बघत म्हणाले,
चांगलं केलास की रे, मला नव्हतं सुचलं.

या ॲपच्या पोटातलं लिखाणही असंच टांगलेलं आहे.
मी उघडून बघितलं. निम्म्याहून जास्त कळलं नाही.
पण भिंतीवर आहे.

चैत्र. कुसळं सॉक्समध्ये शिरून घोट्याला बोलतात.
म्हाळू कोळेकर मेंढरं बांधाच्या सावलीत उभी करून
माझ्या हातातल्या तडकलेल्या काचेत डोकावले.
त्यांचा बाण कुठं आहे विचारलं.
तुमचा नाही, म्हटलं, हा माझा.
"कुनाला सांगतंय का हे?"
नाही.
त्यांनी तंबाखू मळली, फुंकली, दाढेखाली धरली.
"आन् तुमी?"

मला लगेच उत्तर आलं नाही.
ते पुढं चालू लागले, मी मागं.
पाचपन्नास पावलं. मग काठी आडवी.
"आता पाय बघून."
मला खडेच दिसले.
मग दोन खडे अंडी झाले,
आणि पलीकडं धाविक, उंच पायांचा,
थोडा पळाला, थांबला, मान ताठ,
पुन्हा थोडा पळाला,
आम्हाला दुसरीकडं न्यायला.

बोट काचेवर दाबलं की ॲप विचारतं :
ही जागा ठेवू?
मी बोट उचललं.

रात्री घरी फाइल उघडली.
दिवसभराची निळी रेघ, आणि बांधापाशी
बाजूला गेलेला एक छोटा फाटा,
टोकाशी ठिपक्यांचा गुंता, जिथं मी उभी होते.
तेवढा कापला. उरलेली वाट नकाशाला दिली.
जिथं पाणी आहे तेही दिलं,
आणि तारेचं कुंपण तुटलंय ते,
वाटेवर नसलेल्या माणसासाठी.

नायनांना आता लांबचं दिसतं, जवळचं नाही.
त्यांनी फोन हातभर लांब धरला,
नखानं रेघेवरून सरकत गेले,
सवयीनं, कार्ड तपासतात तसे,
आणि बांधापाशी थांबले.
"इथं काहीतरी गाळलंय."
हो, म्हटलं.
दुरुस्त करू का, असं ते नेहमी विचारायचे.
या वेळी नाही विचारलं.
नख तिथंच ठेवून थोड्या वेळानं म्हणाले,
"धागा खाली ठेवलास होय.
बरं."
आणि भाकरी मोडायला घेतली.